बॉल पायथनने तिसऱ्या दिवशी उंदीर ओकून टाकला. पुन्हा खायला कधी द्यावे?

तापीकाठ, जळगाव

माझ्याकडे अडीच वर्षांचा नर बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर) असून केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंदणी केलेली आहे. गेल्या रविवारी रात्री मी त्याला फ्रीझरमधून काढून कोमट पाण्यात वितळवलेला १४० ग्रॅमचा उंदीर दिला आणि त्याने तो नेहमीप्रमाणे दहा-बारा मिनिटांत गिळला. सोमवारी संध्याकाळी भाचे आले होते, त्यांना दाखवण्यासाठी मी त्याला थोडा वेळ बाहेर काढले. मंगळवारी रात्री आमच्याकडे जवळजवळ पाच तास वीज नव्हती. बुधवारी सकाळी खोलीत असह्य दुर्गंधी आली म्हणून पाहिले, तर पेटीच्या कोपऱ्यात उंदीर पडलेला होता. डोक्याकडचे केस गळून कातडी पांढरी पडली होती, मागचा भाग मात्र जसाच्या तसा होता. मी पेटी फिनाइलने पुसून घेतली.

उंदीर देण्यापूर्वी सापाचे वजन ७८० ग्रॅम होते, आज ते ७३८ भरले. पेटीतील थर्मामीटर ३१ अंश दाखवतो. घरात सल्ल्यांची कमतरता नाही: आजीचे म्हणणे, “त्याले थंडी लागनी”, तर काकांचा आग्रह ओव्याचे पाणी पाजण्याचा आहे. साप भुकेला दिसतो आणि रात्री काचेपाशी येऊन थांबतो. त्याला या रविवारी लहान उंदीर दिला तर चालेल का?

धुळेकर अजगरवाला

या रविवारी देऊ नका, पुढच्याही रविवारी देऊ नका. ओकल्यानंतर किमान दहा दिवस आणि शक्यतो पूर्ण चौदा दिवस पोट रिकामे ठेवणे हाच यावरचा पहिला उपचार आहे. अर्धवट पचलेले भक्ष्य वर येताना जठरातील आम्लही सोबत येते आणि अन्ननलिकेचे अस्तर भाजून निघते. त्यावर लगेच दुसरा उंदीर गेला की तोही बहुधा बाहेर येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओकारीनंतर साप वेगाने खंगतो. काचेपाशी येऊन थांबणे म्हणजे पोट तयार असणे नव्हे. या काळात स्वच्छ पाणी मात्र सतत हवे, कारण ओकण्यात शरीरातले पाणीही जाते.

आता कारणाविषयी. आपण सांगितलेल्या हकिकतीत एक नव्हे, तीन चुका एकत्र आल्या आहेत. ७८० ग्रॅमच्या सापाला १४० ग्रॅमचा उंदीर म्हणजे वजनाच्या जवळजवळ अठरा टक्के. या वयाच्या सापाला दहा टक्क्यांच्या आसपास पुरेसे असते, आणि भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फारशी जास्त नसावी. गिळल्यानंतर निदान ४८ तास, आणि भक्ष्य मोठे असेल तर पोटावरचा फुगवटा दिसेनासा होईपर्यंत, सापाला हात लावायचा नसतो. आपण त्याला चोवीस तासांच्या आत पाहुण्यांसमोर मांडले. आणि तिसरी गोष्ट थंडीची. आपल्या आजींचे निदान मला तरी सर्वांत अचूक वाटते.

थर्मामीटर ३१ अंश दाखवतो असे आपण लिहिले, पण तो कुठे चिकटवलेला आहे? काचेच्या वरच्या बाजूला असेल तर तो हवेचे तापमान सांगतो. सापाचे पोट जमिनीवर टेकलेले असते. माझी पेटी पूर्वी थेट शहाबादी फरशीवर होती आणि वरचा काटा ३१ दाखवत असताना टेम्परेचर गनने तळ मोजला तर तो २५ निघाला. हिवाळ्यातली फरशी खालून सगळी ऊब शोषून घेते. पेटीखाली थर्माकोलचा जाड तुकडा आणि वर फळी घातल्यावर दोनच दिवसांत फरक पडला. उबदार कोपऱ्याचा तळ ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजू २५ ते २७ अंश हवी, हीट मॅट (पेटी तापवणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटवरच चालावी, आणि थर्मोस्टॅटचा संवेदक साप जिथे बसतो तिथेच असावा.

वीज गेल्यावर पेटीवर गोधडी टाकावी, हवा खेळायला एक बाजू उघडी ठेवावी, आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून टेकवाव्यात. उन्हाळ्यात याच्या उलट संकट असते. मेमध्ये जळगावचा पारा ४५ च्या घरात गेल्यावर बंद खोलीतली पेटी भट्टी होते, तेव्हा जड भक्ष्य देणे मी टाळतो.

पशुवैद्य, नंदुरबार

मी मुख्यतः गुरांचा डॉक्टर आहे, सापांचा नव्हे. पण पचनसंस्थेविषयी एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. गाईचे पोट कधीच रिकामे नसते, तिथले काम अखंड चालू असते. अजगराचे जठर मात्र दोन भक्ष्यांच्या मधल्या काळात जवळजवळ बंद पडलेले असते. बर्मी अजगरावरील अभ्यासांत असे आढळले आहे की उपाशी असताना जठरातील सामू (आम्लता दाखवणारा pH) ७ च्या आसपास, म्हणजे उदासीन असतो, आणि भक्ष्य आत गेल्यावर साधारण एका दिवसात तो २ पर्यंत उतरतो. आतड्याचे अस्तर वाढते, चयापचय अनेक पटींनी चढतो, इतकेच नव्हे तर दोन-तीन दिवसांत हृदयाचे वस्तुमानही सुमारे ४० टक्क्यांनी वाढू शकते. ही सगळी भट्टी पेटण्यासाठी लागणारी उष्णता साप बाहेरून घेतो. ती मधेच तुटली तर पचन मंदावते, भक्ष्य आतल्या आत कुजू लागते आणि शरीर ते बाहेर फेकते. डोक्याकडचा भाग मऊ आणि मागचा शाबूत, हे आपले निरीक्षण याच्याशी जुळते, कारण डोके आधी जठरात पोहोचते.

ओव्याचे पाणी, दही, इनो, माणसांची पाचक औषधे यांपैकी काहीही पाजू नये. सापाच्या तोंडात पातळ पदार्थ ओतताना तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि मग पोटाच्या दुखण्यावर फुप्फुसाचे दुखणे ओढवते. फिनाइलही वापरू नका. त्या वर्गातील रसायने सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरतात. पेटी पुन्हा गरम पाण्याने घासून, खिडकी उघडी ठेवून पूर्ण वाळवावी.

एकदा ओकणे हे बहुतेक वेळा संगोपनातील चुकीमुळे होते. मात्र सर्व दुरुस्त्या करूनही पुन्हा ओकारी झाली, शरीराच्या मध्यभागी कायमचा फुगवटा दिसू लागला किंवा विष्ठेत रक्त अथवा शेंबडासारखा स्राव आला, तर ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी तपासणीस द्यावी. जंत आणि एकपेशीय परोपजीवी तेथे सापडू शकतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परोपजीवी जठराचे अस्तर जाड करतो, त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि तो एका सापाकडून दुसऱ्याकडे जातो. घरात आणखी साप असल्यास चिमटे, पाण्याची भांडी सर्व वेगळे ठेवावे. आपल्या भागात या विषयाचे जाणकार कमी आहेत, त्यामुळे वेळ आलीच तर नाशिक किंवा पुण्याच्या तज्ज्ञाला गाठावे लागेल, आणि हिवाळ्यातल्या त्या प्रवासातही सापाला ऊब लागेल हे विसरू नये.

चोपड्याचा शेतकरी

याच विषयाला धरून विचारतो. आमच्या केळीच्या बागेत सापडलेले धामणीचे पिल्लू शेजाऱ्याने काचेच्या बरणीत ठेवले आहे. तीन आठवडे झाले, ते काहीच खात नाही. नागपंचमीला नागापुढे ठेवतात तसे त्याने दूधही ठेवून पाहिले. त्याला काय द्यावे?

धुळेकर अजगरवाला

भाऊ, काही देऊ नका, पिल्लू वन विभागाच्या ताब्यात द्या. देशी साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केल्यास पुढची व्यवस्था होते. शिवाय रानातून पकडलेला साप भीतीनेच खाणे टाकतो. दूध हे सापाचे अन्न नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप कोणताही पातळ पदार्थ पितो, त्यातलाच तो प्रकार.

तापीकाठ, जळगाव

उशिरा लिहितो आहे, पण मुद्दाम वाट पाहिली. तळ मोजला तेव्हा तो २४ अंश निघाला. पेटी खरोखरच फरशीवर होती. खाली थर्माकोल आणि सागाची फळी घातली, संवेदक जागेवर आणला आणि चौदा दिवस सापाला फक्त पाणी दिले. दरम्यान त्याचे डोळे निळसर होऊन कात आली, म्हणून आणखी पाच दिवस थांबलो. त्यानंतर ३५ ग्रॅमचा लहान उंदीर आतपर्यंत कोमट झाला आहे हे बोटांनी पोट दाबून पाहूनच दिला. त्या आठवड्यात दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा आजीने आपली गोधडी पेटीवर घातली, एक बाजू उघडी ठेवून. नवव्या दिवशी विष्ठा आली: घट्ट, तपकिरी, शेजारी युरेटचा, म्हणजे सापाच्या घट्ट लघवीचा, खडूसारखा पांढरा खडा. आज वजन ७४५ ग्रॅम आहे. पुढचा उंदीर ५० ग्रॅमचा, आणखी पाच दिवसांनी देणार आहे. भाच्यांना तोपर्यंत काचेबाहेरूनच पाहायला सांगितले आहे.