प्रभातचा तमिळ ‘सीता कल्याणम्’: राम-सीता सख्खी भावंडं?

प्रश्न (चित्रपटवेडा):
1934 सालच्या या सिनेमात राम आणि सीता झालेले कलाकार खरोखर बहीण-भाऊ होते का? आणि प्रभातने तमिळ सिनेमा काढायचं कारण काय?

मैलापूरकर सूनबाई:
हो, सख्खी! एस. राजम राम, बहीण जयलक्ष्मी सीता. वडील सुंदरम अय्यर जनक. धाकटा बालचंदर रावणाच्या दरबारात कंजिरा (डफासारखं छोटं तालवाद्य) वाजवतो. सगळं घरच पडद्यावर! भावाबहिणीला नवराबायको दाखवलं म्हणून तेव्हा टीका झाली. माझ्या सासूबाई आजही नाक मुरडतात. मला मात्र त्या पोराच्या कंजिऱ्याचंच कौतुक. पुढे तोच वीणावादक एस. बालचंदर. राजम गायक आणि चित्रकार झाले.

जुनी रिळं:
कारण साधं. मद्रासेत बोलपटाचा स्टुडिओ 1934 पर्यंत नव्हताच, त्यामुळे तमिळ मंडळी मुंबई, कलकत्ता गाठायची. प्रभातकडे सगळं तयार. दिग्दर्शक आपले बाबूराव पेंढारकर.

मैलापूरकर सूनबाई:
आणि संगीत कर्नाटक संगीतातले रचनाकार पापनाशम शिवन यांचं, सिनेमातलं पहिलंच. इकडे कचेरीत, म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफलीत, त्यांच्या कृती (रचना) निघाल्या की अख्खी रांग मांडीवर ताल धरते.

चित्रपटवेडा:
प्रिंट कुठे बघायला मिळेल का?