मंडळीत बसणारी समुपदेशक: हवी की नको?

ताम्हण

मी नगरची, मराठी मिशनच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, वाढलेली. पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. केलं, एका इस्पितळाच्या मनोविकार विभागात काही वर्षं काम केलं आणि आता आठवड्यातले थोडे दिवस चर्चच्या आवारातल्या एका खोलीत समुपदेशनाला बसते. इस्पितळातले जुने सहकारी म्हणतात, धर्म आत आला की शास्त्र बाहेर गेलं. मंडळीतले काही जण म्हणतात, विश्वास पक्का असता तर मानसशास्त्राची गरजच पडली नसती. मला हे काम आवश्यक वाटतं, पण ते करणाऱ्याचं शिक्षण इतर समुपदेशकांपेक्षा जास्त कडक हवं असंही वाटतं.

आमच्याकडे माणूस डॉक्टरच्या आधी चर्चच्या पाळकसाहेबांकडे (पाद्रींकडे) जातो. झोप उडाली, छातीत धडधडतंय, मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, की आधी प्रार्थनेसाठी निरोप जातो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. ही माणसं घरात गप्प बसलेली नसतात. देऊळ, दर्गा, चर्च, कुठेतरी जातातच. तिथे जो भेटतो त्याला आजार ओळखता येतो का?

मी या कामाकडे वळले ते एका प्रकारच्या दुखण्यामुळे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात येशू म्हणतो की पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाची क्षमा होणार नाही. विशीतला एखादा मुलगा हे वाचतो, आणि नेमका नको तो शब्द त्याच्या मनात येतो. मग दिवसभर क्षमा मागणं सुरू होतं. पाळकांना फोन, "मी ते पाप केलं का?" पाळक म्हणतात, नाही रे बाळा. तासभर बरं वाटतं, पुन्हा फोन. हा ओसीडी आहे, नको तो विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि तो शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहण्याचा आजार. पाळकांचं आश्वासन मनापासूनचं असतं, पण आजार त्याच्यावरच पोसला जातो, कारण शंका आली की विचारायचं ही सवय दर वेळी घट्ट होते. उपचार उलटा आहे: शंका येऊ द्यायची, क्षमा मागायची नाही, फोन करायचा नाही, ती तगमग थोडी थोडी सोसायला शिकायचं. हे त्या मुलाला सांगणार कोण? ज्याला ते वचनच ठाऊक नाही तो म्हणतो "एवढं मनावर घेऊ नकोस", आणि मुलगा पुन्हा येत नाही. ज्याला फक्त वचन ठाऊक आहे तो उपास-प्रार्थना वाढवायला सांगतो, आणि मुलगा आणखी खचतो. दोन्ही जाणणारं माणूस इथे लागतं.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत अँटन बॉयसन नावाचे पाळक १९२० साली स्वतः मनोरुग्णालयात दाखल होते. बाहेर आल्यावर त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेनचं (रुग्णालयातल्या पाळकाचं) काम धरलं आणि १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना थेट वॉर्डात आणून शिकवायला लागले. ग्रंथ वाचता तशी समोरची दुखावलेली माणसंही वाचा, हा त्यांचा आग्रह होता.

विरोधातली मतंही मोकळेपणाने मांडा.

सातारकर

माझा या कल्पनेलाच विरोध आहे, तुमच्या हेतूला नाही.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली. २८ मनोरुग्ण जळून मेले, कारण त्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. घरच्यांनी त्यांना श्रद्धेनेच तिथे ठेवलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी घालायला बंदी केली. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे कायदे करावे लागले, कारण जिथे माणूस श्रद्धेने मान तुकवून येतो तिथे त्याला 'नाही' म्हणता येत नाही.

तुम्ही साखळ्या घालणार नाही हे मान्य. पण समलिंगी मुलगा तुमच्यापुढे आला तर? नवऱ्याला सोडू पाहणारी बाई आली तर? तुमचं शास्त्र एक सांगेल आणि मंडळी दुसरं. आणि आपल्याकडे 'समुपदेशक' ही पाटी लावायला आजही कुणी अडवत नाही. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने नोंदणीची दिशा ठरली, पण गल्लोगल्ली काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. त्यात 'ख्रिस्ती', 'हिंदू', 'इस्लामी' अशा पाट्यांची भर कशाला? अंनिसने (अंधश्रद्धा निर्मूलन समितीने) मानसमित्र, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी काम करणारे प्रशिक्षित स्वयंसेवक, तयार केले ते कुठल्याही देवाचं नाव न घेता.

ओपीडी_बुधवार

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, धर्माने ख्रिस्ती नाही. सातारकरांनी सांगितलेलं नुकसान मी रोज पाहते. तरी मत ताम्हण यांच्या बाजूला झुकतं.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार दर्गा आहे. २००८ पासून तिथे 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालतो. मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवक, दुआ देतात आणि रुग्णाला तिथल्याच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. जो माणूस माझ्या ओपीडीची पायरी कधी चढला नसता, तो मुजावराच्या शब्दाखातर गोळी घेतो.

मात्र, ताम्हण, तुम्ही ओसीडीचं उदाहरण घेतलंत, ते त्यातल्या त्यात सोपं. माझी भीती वेगळी आहे. तीन रात्री न झोपता सभेत उभा राहून साक्ष देणारा, घरातले पैसे वाटून टाकणारा माणूस मंडळीला पवित्र आत्म्याने भरलेला वाटतो. मला तो मॅनियात (उन्मादाच्या आजारात) दिसतो. बाळंतपणानंतर बाळाकडे टक लावून "हे माझं नाही" म्हणणाऱ्या बाईसाठी उपास ठेवले जातात आणि त्यात हातचे दिवस जातात. सगळ्यात मोठं नुकसान होतं ते "विश्वासाने बरा झालास, आता गोळ्या कशाला" या एका वाक्याने. लिथियम हे मॅनियावरचं औषध एकदम थांबवल्यावर परत आलेले रुग्ण मी दाखल करून घेतले आहेत. मंडळीच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला ही तिन्ही चित्रं पहिल्या भेटीत ओळखता आली पाहिजेत आणि त्याच दिवशी पुढे पाठवता आलं पाहिजे. ते येत नसेल तर खोली बंद केलेली बरी.

पाळक_मराठवाडा

सर्वांना सलाम. ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो.

अमेरिकेत 'जे अॅडम्स' नावाच्या पाळकांनी १९७० च्या सुमारास ठाम भूमिका घेतली की पाळकाने आपलं काम मानसशास्त्रज्ञाच्या हवाली करू नये, आणि मनाचे रोग म्हणवल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टींचं मूळ पापात असतं. त्यांचं सगळं मी मानत नाही, मेंदूचे आजार असतात. पण आजच्या समुपदेशनात पाप हा शब्द उच्चारायचीच चोरी झाली आहे. दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस माझ्याकडे येतो तेव्हा त्याला टोचणी लागलेली असते. ती टोचणी कमी करायची की तिच्या मागून त्याला पश्चात्तापापर्यंत न्यायचं? तुमच्या पुस्तकात 'स्वतःला क्षमा करा' असतं. आमच्याकडे आधी बायकोची क्षमा मागावी लागते.

शिवाय रात्री दोन वाजता फोन उचलतो तो पाळक. त्याची फी नसते.

ताम्हण

पाळकसाहेब, दारूड्या नवऱ्याबद्दल मी शंभर टक्के तुमच्यासोबत आहे. खऱ्या अपराधाची टोचणी हा आजार नव्हे, आणि ती पुसायला निघणारा समुपदेशक त्या बायकोवर अन्याय करतो. पण टोचणी दोन प्रकारची असते. मारणाऱ्याला ती लागते, आणि कधी कधी मार खाणारीलाही लागते: "मीच कमी पडले असेन." दोघांना एकच उपदेश केला तर एक सुधारेल आणि दुसरी मरेल.

आणि बायबलमधला एलीया संदेष्टा घ्या. 'पहिले राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात तो रानात झुडपाखाली पडून देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला पाप विचारत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला देतो. देव बोलतो ते त्यानंतर, तेही प्रश्न विचारून. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही दिलाशाची ओळ नाही. ज्यांनी ते बायबलमध्ये ठेवलं त्यांना ते अविश्वासाचं वाटलं नाही. मग नैराश्यातल्या बाईला "स्तुती कर, बरं वाटेल" असं आपण कोणत्या आधाराने सांगतो?

डॉक्टर, तुमची अट मान्य. माझं इस्पितळातलं काम त्यासाठीच होतं. नुसती पदवी घेऊन थेट मंडळीत बसू नये, आधी वॉर्डात काम करावं असं माझं मत आहे.

अनामिका७

मी अशा एका 'सेवेतून' गेले आहे. गावाचं, चर्चचं नाव लिहीत नाही.

नवरा मारायचा. मी एका बाईंशी बोलले, त्या मंडळीत समुपदेशन करायच्या. दोन आठवड्यांत सगळ्या महिला सभेला माहीत झालं. कुणी चुगली केली नव्हती. माझं नाव 'प्रार्थना विषय' म्हणून वाचलं गेलं होतं. बाया येऊन हात धरायच्या, "आम्ही तुझ्यासाठी गुडघे टेकतोय." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी असायचं. मला मात्र तोंड दाखवायची लाज वाटायची. मग सांगितलं गेलं, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर. मी घरी परत गेले. पुढचं लिहीत नाही.

तुम्ही शिक्षणाबद्दल बोलताय. त्या बाईंकडेही प्रमाणपत्र होतं. मला हे हवंय की माझं बोलणं त्या खोलीच्या बाहेर जाणार नाही याची खात्री कोण देणार?

गिरीजकर

वसईचा कॅथलिक आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू. कबुलीजबाबाचं गुपित हे आमच्याकडे धर्मगुरूने मरण आलं तरी मोडायचं नाही असं आहे, मोडलं तर त्याला चर्चची सर्वात कडक शिक्षा. पण फादरांच्या ऑफिसात बसून केलेल्या गप्पांना ते संरक्षण लागू नाही, हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं. अनामिका७ यांचा मुद्दा आमच्याकडेही तितकाच खरा आहे.

आपल्या महाराष्ट्रात हे काम आधी झालेलं आहे. मुंबईत जन्मलेले येशूसंघी (जेझुइट) फादर अँथनी डिमेलो शिकागोला समुपदेशन शिकून आले आणि सत्तरच्या दशकात त्यांनी पुण्यात 'साधना' ही संस्था सुरू केली. ती पुढे लोणावळ्याला गेली. धर्मगुरू आणि सिस्टर तिथे आधी स्वतःच्या मनाकडे बघायला शिकले. १९८७ साली डिमेलो गेले, आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणातल्या काही मतांबद्दल इशारा काढला. म्हणजे दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्याला चर्चमधूनही त्रास होतो.

पण चर्च बदलतंही. जुन्या १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ती बंदी राहिली नाही, आणि पुढे धर्मशिक्षणाच्या ग्रंथात मान्य केलं की तीव्र मानसिक यातनेत माणसाची जबाबदारी कमी होते. मनाच्या आजाराबद्दल कळत गेलं त्याचाही यात वाटा आहे. आत्महत्येने गेलेल्या मुलाची आई चर्चच्या दारात उभी असते तेव्हा याचं मोल कळतं.

ताम्हण

अनामिका७, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. जे झालं त्याला मी सेवा म्हणणार नाही.

खात्री शब्दाने देता येत नाही, म्हणून मी काय करते ते सांगते. आलेल्या कुणाचंही नाव प्रार्थनेसाठी दिलं जात नाही, त्यांनी स्वतः मागितलं तरी मी देत नाही. त्यांनी ते सभेत स्वतः सांगावं. नोंदी चर्चच्या कपाटात नसतात. माझं मानधन मंडळीकडून येतं, पण कोण आलं हे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीला कळत नाही, फक्त आकडा कळतो, आणि हे काम स्वीकारण्याआधीच लेखी घेतलंय. ज्यांच्यासोबत मी गायनात उभी राहते त्यांना मी घेत नाही, दुसरीकडे पाठवते. गुपित फक्त जीव धोक्यात असेल तर मोडतं, आणि तेही पहिल्याच भेटीत सांगते.

मार खाणाऱ्या बाईला क्षमेचा विषय मी काढत नाही. आधी ती सुरक्षित कुठे राहील ते बघायचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याशी गाठ घालून द्यायची. ख्रिस्ती बायकांना अजूनही वाटतं की आपल्याला घटस्फोट मिळतच नाही. १८६९ च्या कायद्यात नुसता छळ बायकोला पुरत नव्हता, पण २००१ च्या दुरुस्तीनंतर पुरतो. हे सांगणं समुपदेशकाचं काम आहे.

सातारकर, तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर: समलिंगी असणं हा आजार नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो 'बरा' करायचा प्रयत्न डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवला, आणि समाजाच्या नैतिक वा धार्मिक समजुतींशी जुळत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवू नये असं २०१७ च्या कायद्याचं कलम ३ सांगतं. माझ्या खोलीत कुणाला बदललं जाणार नाही. मंडळीला हे पटलं नाही तर ही खोली सोडायची माझी तयारी आहे, आणि तेही मी पंचांना सांगून ठेवलंय.

पाळक_मराठवाडा

शेवटच्या मुद्द्यावर आपलं जमणार नाही, ताई. पण प्रार्थना विषयाबद्दल अनामिका बहिणीने लिहिलं ते खरं आहे. आमच्या सभेतही नावं वाचली जातात. येत्या रविवारपासून बंद करतो.

अनामिका७

ताम्हण, नियम चांगले आहेत. पण खोली आवारात आहे ना? मग दार उघडून आत जाताना सगळी मंडळी बघणार. मी तर आले नसते.

सातारकर

अनामिका७ यांनी बोट बरोबर ठेवलं. आणि मला पुढचं विचारायचंय. तुमच्या कामावर देखरेख कुणाची? उद्या खोली बाहेर नेलीत, देखरेख बाहेरच्या तज्ज्ञाची ठेवलीत, नियम सगळे शास्त्राचे पाळलेत, तर पाटीवर 'ख्रिस्ती' शब्द उरतो कशाला?

ताम्हण

अनामिका७, खोलीबद्दल तुमचं बरोबर आहे. गावात दुसरी जागा बघते, दवाखान्याच्या वर असेल तर उत्तम, म्हणजे जिना चढणारा दातासाठी चाललाय की माझ्याकडे ते कुणाला कळायला नको.

सातारकर, देखरेख एका ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञांची आहे, त्या ख्रिस्ती नाहीत आणि मुद्दाम तशाच निवडल्या. पाटीवरचा शब्द मी ठेवणार. दुर्भाषणाच्या भीतीने झोप उडालेला तो मुलगा साध्या 'समुपदेशन केंद्र' पाटीखाली येत नाही. तिथे आपल्याला हसतील किंवा देव सोडायला सांगतील असं त्याला वाटतं. आणि तो शब्द नुसता गिऱ्हाईक यावं म्हणून नाही. मी स्वतः रोज प्रार्थना करते. त्याच्यासोबत मात्र ती त्याने मागितली तरच, आणि ओसीडीत मागितली तर बहुतेक वेळा नाहीच.

सातारकर

मला अजून पटलेलं नाही. जागा बदलल्यावर इथे कळवा, आमच्या मानसमित्रांकडे कुणी ख्रिस्ती मुलगा असा आला तर त्याला कुठे पाठवायचं ते तरी कळेल.