लाईट गेल्यावरची डिस्क तपासणी: चालू द्यावी की बंद करावी?

अक्षरजुळणी, नारायण पेठ
यंदा पावसाळाभर लाईट जायची, यूपीएसची बॅटरी थकलेली, मशीन धाडकन बंद. चालू केलं की काळ्या पडद्यावर विंडोजच्या डिस्क तपासणीची सूचना आणि उलटी मोजणी. नको असेल तर कोणतीही की दाबा. गिऱ्हाईक प्रूफ घ्यायला उभं, म्हणून आमचा मुलगा दर वेळी स्पेसबार दाबायचा. शेवटी लग्नपत्रिकांचा अख्खा फोल्डर उघडेना. तपासणी होऊ दिली तेव्हा फाईलींची नावं गेलेली, ‘फाऊंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये नुसते सीएचके, म्हणजे तपासणीने गोळा केलेले बिननावी तुकडे. ती तपासणी कुणी अडवू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्तीवाला, हडपसर
मी तर ती मुद्दाम बंद करून देतो. १९९३ पासूनची एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, रचनेतले (कोणती फाईल कुठे, यातले) बदल आधी नोंदवहीत लिहिते आणि लाईट गेली तरी ती वाचून सावरते. डर्टी बिट, म्हणजे रचनेत काही बिघडलं असावं अशी खूण, लागला असेल तरच तपासणी आपोआप सुरू होते. पण डिस्क टकटक वाजत असेल तर आपोआप दुरुस्ती म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला पळवणं. तपासणी रचना जुळवते. त्यात तुमची फाईल तुटली तरी तिला कळत नाही. आधी डेटा दुसरीकडे घ्या.

अक्षरजुळणी
डर्टी बिट लागला म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तुम्हीच सांगताय. मग तशाच डिस्कवर रोज नव्या फाईली लिहायच्या? टकटक ओळखणारा कान तुमच्याकडे आहे, आमच्या मुलाकडे नाही.

लिनक्सवापरी, कोथरूड
नोंदवहीवर फार भिस्त नको. एनटीएफएस असो की आमच्या लिनक्सची तशीच पद्धत ईएक्सटी४, सावरते ती रचना. अर्धवट लिहिलेला मजकूर गेला तो गेलाच. पेनड्राइव्हच्या एफएटी३२ पद्धतीला तर नोंदवहीच नाही.

दुरुस्तीवाला
पेनड्राइव्हचं मान्य. सी ड्राइव्हवर मात्र चेकडिस्क, म्हणजे हीच तपासणी हाताने चालवायची आज्ञा, आधी स्विच (पुढे जोडायचा पर्याय) न देता चालवा. ते नुसतं वाचतं, काही बदलत नाही. दोष दिसला तर कॉपी, मग दुरुस्तीचा स्विच /एफ. माणसाला न विचारता दुरुस्ती मला पटणार नाही.

अक्षरजुळणी
ती उलटी मोजणी विचारण्यासाठीच असते हो! उत्तर घाईतलं मूल देतं, तिथे घोळ होतो. मॉनिटरला चिठ्ठी लावलीय: ‘की दाबू नको, मला हाक मार.’ बॅटरी बदलली, चालू कामं रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर घेतो. कॉपी आधी, हे तुमचं ऐकलं. तपासणी मात्र चालूच राहणार.