रक्त ‘पातळ’ होतं की साकळत नाही? अँटिकोॲग्युलंटला मराठीत काय म्हणावं

प्रश्न : रुग्णांना घरी न्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. अँटिकोॲग्युलंटला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ लिहू का? बोलताना सगळे तेच म्हणतात. ‘डिस्ट्रिब्यूशन’ आणि ‘अँटिडोट’पाशीही अडले आहे.

प्रतिसाद : ‘पातळ’ नका लिहू, कळकळीनं सांगतो. पाणी घातलं की वरण पातळ होतं. वॉरफरिन या अँटिकोॲग्युलंट गोळीनं रक्ताचा दाटपणा बदलत नाही, ते साकळायला वेळ लागतो, एवढंच. माझ्या आईला हृदयाची कृत्रिम झडप बसवल्यापासून ही गोळी चालू आहे. एकदा आयएनआर (रक्त साकळायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वाढला, तेव्हा ‘रक्त फार पातळ झालंय’ एवढंच तिच्या कानावर पडलं. तिनं दोन दिवस पाणी पिणंच कमी केलं! चूक तिची नव्हती, शब्दाची होती.

आपल्याकडे तूप थिजतं, पाणी गोठतं आणि रक्त साकळतं. दारात बोट चेमटून नख काळंनिळं झालं की आजी म्हणायची, ‘रक्त साकळलंय.’ म्हणून ‘रक्त साकळू न देणारी गोळी’ लिहा. ‘प्रतिस्कंदक’ पाठ्यपुस्तकात ठीक. ‘गुठळी विरघळवणारी’ मात्र मुळीच नको, ते काम स्ट्रेप्टोकायनेजसारख्या वेगळ्या औषधांचं.

प्रतिसाद : ‘डिस्ट्रिब्यूशन’ला ‘वितरण’ म्हटलं की रेशन आठवतं. ‘औषध शरीरात कुठं पोचतं’ असं सरळ लिहावं. वॉरफरिनचा जवळपास ९९ टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतो, त्यामुळे ते चरबीत वगैरे फारसं शिरत नाही. उरलेला जेमतेम एक टक्का मोकळा असतो आणि यकृतात जाऊन काम करतो तो तोच. ‘चिकटलेलं’ आणि ‘मोकळं’ हे दोन शब्द पुरेत.

प्रतिसाद : अँटिडोटला ‘उतारा’. विषावर उतारा म्हणतोच की आपण. वॉरफरिनवरचा उतारा म्हणजे जीवनसत्त्व के. रक्त साकळवणारे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक यकृतात तयार होतात, त्यांना कामाजोगं करायला के लागतं. वापरलेलं के पुन्हा वापरण्याजोगं करण्याची वाट वॉरफरिन अडवतं. वरून के दिलं की काम पुन्हा सुरू होतं, पण नवे घटक बनायला काही तास जातात. या ‘के’चं मूळही आपल्या चर्चेतलंच आहे : ‘कोआग्युलात्सिओन’, म्हणजे साकळणं. ते नाव डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी दिलं, त्यांना १९४३चं नोबेल मिळालं.

मात्र सरसकट ‘या औषधांवर उतारा जीवनसत्त्व के’ असं लिहू नका. हेपॅरिन या इंजेक्शनवर प्रोटामिन हे औषध देतात, आणि अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांवर के चालत नाही.

आणखी एक. पालेभाज्यांत के भरपूर असतं, पण म्हणून ‘मेथी, पालक वर्ज्य’ हे वाक्य पत्रकात असेल तर काढा. ‘पालेभाज्या रोज साधारण सारख्याच प्रमाणात खा’ असं हवं. आठवडाभर बंद ठेवून मग एकदम ताटभर खाल्ल्या, तर गोळीचा ठरवलेला डोस जुळत नाही.

प्रश्नकर्ती : सगळ्यांचे आभार. ‘वर्ज्य’ खरंच होतं, आत्ताच खोडलं. ‘साकळणं’ विदर्भात आणि कोकणात सर्रास कळतं ना? तिकडच्या कुणी सांगितलं तर आज रात्री पत्रक छपाईला देते.