मदत हवी आहे: आई-बाबांची नॉन-रिफंडेबल विमान तिकिटं मामा-मामींच्या नावावर होतील का?

पुणे–दिल्ली जाण्या-येण्याची दोन तिकिटं आहेत, निघायला अकरा दिवस उरलेत. आईचा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सहा आठवडे प्रवास नको म्हटलंय. बाबा अर्थातच तिच्याजवळ थांबणार. मामा-मामी त्यांच्याऐवजी जायला तयार आहेत. सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी आहेत.

कस्टमर केअरला तीनदा फोन केला. स्पेलिंगची चूक सुधारून मिळेल, पण माणूस बदलता येणार नाही, हेच उत्तर. रेल्वेत कन्फर्म तिकीट चोवीस तास आधी अर्ज देऊन निदान आई-वडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं यांच्या नावावर करता येतं. विमानाला तेवढीही सोय नसावी याचं फार वाईट वाटतं. तारीख पुढे ढकलायला माणशी जो चार्ज सांगताहेत, त्यात जवळजवळ नवं तिकीट येईल.

डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियमाप्रमाणे मूळ भाडं बुडालं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं शुल्क) परत द्यावंच लागतं, एवढं मला माहीत आहे. पण बुकिंग ट्रॅव्हल एजंटकडून झालंय, आणि तो एअरलाइनकडे बोट दाखवतो. प्रवास विमा काढलेला नाही. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आहे.

नाव बदलणं शक्यच नसेल, तर वैद्यकीय कागद जोडून मूळ भाड्याचा परतावा किंवा क्रेडिट कुणाला मिळालंय का? मिळालं असेल तर अर्ज एजंटमार्फत केलात की थेट एअरलाइनच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याकडे, आणि तिकीट आधी रद्द केलंत की नंतर?