मदत हवी आहे : उतरत्या छपराखालच्या भिंती रेव्हिटमध्ये नीट कशा बसवाव्यात?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी तालुक्यातील एका कौलारू घराचे नकाशे आणि मोजमापे मी सध्या रेव्हिट या इमारतीचे मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करत आहे. भिंत आणि छप्पर जिथे एकमेकांना भेटतात, तिथे माझे मॉडेल अडले आहे. प्रश्न लांबलचक आहे, परंतु तपशील दिल्याशिवाय उत्तर देणे कोणालाही शक्य होणार नाही, म्हणून सगळे सविस्तर मांडते.

घराचा मुख्य भाग १२.६ मीटर लांब आणि ७.२ मीटर रुंद असून त्यावर दुपाखी छप्पर आहे. मागच्या बाजूला मधोमध ४.८ मीटर रुंदीचा स्वयंपाकघराचा भाग बाहेर काढलेला आहे, त्यावरही दुपाखीच छप्पर आहे आणि त्याचे आढे मुख्य आढ्याशी काटकोनात येते. सर्व पाख्यांचा उतार ३० अंशांचा आहे. बाहेरच्या भिंती २३० मिमी जाडीच्या जांभ्या चिऱ्याच्या आहेत. बाहेरून चिरा उघडाच ठेवून फक्त दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरायच्या आहेत आणि आतून १२ मिमी गिलावा आहे. आतल्या आडभिंती ११५ मिमी विटेच्या असून त्यांना दोन्ही बाजूंनी गिलावा आहे. भिंतींच्या माथ्यावर जमिनीपासून ३००० मिमी उंचीवर संपणारा १५० मिमीचा काँक्रीटचा पट्टा आहे आणि त्यावर लाकडी पाट ठेवून ७५ × १५० मिमीचे वासे टाकायचे आहेत. छपराच्या प्रकारात मी रीप आणि मंगलोरी कौल एवढेच थर धरले आहेत, त्यांची एकत्रित जाडी ७५ मिमी आहे. वासे बीम म्हणून वेगळे काढणार आहे.

आता अडचण सांगते. मुख्य छप्पर मी ‘रूफ बाय फूटप्रिंट’ने (बाह्यरेषेवरून छप्पर) ‘पिक वॉल्स’ (भिंती निवडणे) वापरून केले, ७५० मिमीची वळचण दिली आणि आधाराची पातळी पट्ट्याच्या माथ्याला ठेवली. आडवा छेद घेतल्यावर असे दिसते की लांब भिंतींचा बाहेरचा कोपरा छपरातून आरपार जाऊन कौलांच्या वर चाळीस-पन्नास मिमी डोकावतो. त्या भिंती निवडून ‘अटॅच टॉप’ (माथा छपराला जोडणे) केले की डोकावणे थांबते, परंतु भिंतीचा माथा छपराच्या उताराप्रमाणे तिरका कापला जातो. चिऱ्याची भिंत अशी तिरकी कापून कोणताही गवंडी बांधत नाही, शिवाय काँक्रीटचा पट्टा त्या तिरक्या माथ्यात अर्धा बुडतो. ‘पिक वॉल्स’ऐवजी वळचणीच्या रेषा हाताने काढून पाहिल्या, तर छप्पर एकदम वर जाते आणि भिंतीच्या माथ्यापासून छपराच्या तळापर्यंत चारशे मिमीहून मोठी फट राहते.

मागच्या भागाचे छप्पर मी वेगळे काढून ‘जॉइन रूफ’ने मुख्य छपराला जोडले. बाहेरून ते नेटके दिसते, मात्र छेदात मुख्य छपराचा पाखा स्वयंपाकघराच्या माळ्यात तसाच पुढे आलेला दिसतो. कौलांचे क्षेत्रफळही त्यामुळे वाढून येते.

तिसरी गोष्ट नकाशातील आहे. आडभिंत बाहेरच्या भिंतीला मिळते तिथे एका ठिकाणी गिलाव्याची रेषा विटेच्या आडून सलग जाते, तर दुसऱ्या ठिकाणी ती बरोबर वळते. दोन्हीकडे भिंतींचे प्रकार माझ्या मते सारखेच आहेत.

हे नकाशे शेवटी सुताराच्या आणि गवंड्याच्या हातात जाणार आहेत. छेदावरून वाशाची लांबी आणि खाच काढली जाईल, म्हणून केवळ चित्र चांगले दिसावे एवढ्यावर मला थांबायचे नाही. ज्यांनी अशी कौलारू कामे रेव्हिटमध्ये केली आहेत त्यांनी कोणत्या क्रमाने जावे ते कृपया सांगावे.

प्रतिसाद :

नमस्कार. तुम्ही मापे दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तुमच्या पहिल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे : छपराची तळरेषा भिंतीच्या नेमक्या कोणत्या बिंदूतून जाते, हे ठरलेले नाही.

फूटप्रिंट छपराच्या गुणधर्मांत ‘राफ्टर ऑर ट्रस’ अशी एक निवड असते आणि भिंती निवडून काढलेल्या कडांना ती लागू होते. ‘राफ्टर’ असेल तर आधाराची उंची भिंतीच्या आतल्या बाजूला मोजली जाते, ‘ट्रस’ असेल तर बाहेरच्या बाजूला. ३० अंशांच्या उतारावर २३० मिमी जाडीच्या भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेत छपराची उंची सुमारे १३३ मिमीने बदलते. तुमचे छप्पर ‘राफ्टर’वर असणार, म्हणजे तळरेषा आतल्या कडेला पट्ट्याच्या माथ्यावर टेकते आणि बाहेरच्या कडेला १३३ मिमी खाली जाते. ७५ मिमीच्या छपराची उभी जाडी या उतारावर साधारण ८७ मिमी भरते. राहिलेले ४६ मिमी म्हणजेच तुम्हाला कौलांवर दिसणारा कोपरा. हाताने काढलेल्या रेषांच्या बाबतीत उतार भिंतीपासून सुरू न होता वळचणीच्या टोकापासून सुरू होतो, आणि ७५० मिमीत तो ४३३ मिमी चढतो. तुमची फट तेवढीच आहे.

म्हणून ‘पिक वॉल्स’ कायम ठेवा, निवड ‘ट्रस’ करा आणि त्यानंतर छप्पर किती उचलायचे ते कागदावर काढलेल्या आधाराच्या छेदावरून ठरवा. तुमचा १५० मिमीचा वासा उभ्या रेषेत १७३ मिमी भरतो. लाकडी पाट १०० मिमी रुंद व ७५ मिमी उंच आणि भिंतीच्या मधोमध धरला, वाशाला ४० मिमीची खाच दिली, तर पाटाच्या बाहेरच्या कडेवर वाशाचा सुमारे १२७ मिमी भाग उभा राहतो. त्यात पाटाचे ७५ मिळवून २०२ मिमी होतात. पाटाची कड भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून ६५ मिमी आत आहे, तेवढ्या अंतरात उतार ३७ मिमी उतरतो. तेव्हा भिंतीच्या बाहेरच्या अंगावर छपराची तळरेषा पट्ट्यापासून सुमारे १६५ मिमी वर यायला हवी, आणि हाच आकडा ‘प्लेट ऑफसेट’मध्ये भरायचा. तुमच्या पाटाची मापे वेगळी असतील तर आकडा बदलेल, हिशेबाची रीत हीच राहील. वळचणीखाली वाशाचे टोक पट्ट्याच्या माथ्यापासून सुमारे ४४० मिमी खाली येईल, म्हणजे जमिनीपासून साधारण २५६० मिमी. खिडकी-दारांच्या माथ्याला त्याने अडथळा येत नाही.

यानंतर पट्ट्याच्या माथ्यावर वाशांच्या मध्ये जी फट दिसेल, ती मॉडेलमधील दोष समजू नका. कौलारू घरात ती खरोखरच असते. कोणी ती वाऱ्यासाठी मोकळी ठेवतो, कोणी फळीने बंद करतो. ती घालवण्यासाठी लांब भिंतींना ‘अटॅच टॉप’ मुळीच करू नये, हे माझे ठाम मत आहे. आडव्या पट्ट्याखाली संपणारी भिंत मॉडेलमध्येही आडवीच संपली पाहिजे. तिरका माथा ठेवल्यास चिऱ्यांच्या मोजणीतही फरक पडतो : तुमच्या दोन लांब भिंतींवर मिळून सुमारे ०.३८ घनमीटर, म्हणजे १४ × ९ × ७ इंची पंचवीसेक चिऱ्यांचा. मालकाला हा फरक लहान वाटेल, पण चुकीच्या आकारातून आलेला आकडा मोजमापपत्रकात राहू देणे बरे नव्हे.

‘अटॅच टॉप’ त्रिकोणी भिंतींसाठी वापरा, आणि तिथेही खालची भिंत व वरचा त्रिकोण वेगवेगळे काढा. खालची भिंत पट्ट्याच्या तळाशी, २८५० मिमीवर संपू द्या. त्रिकोणाची स्वतंत्र भिंत ३००० मिमीच्या पातळीवर सुरू करून छपराला जोडा. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस ४३२६ या मानकात त्रिकोणी भिंतीच्या माथ्यावर तिरका पट्टा सांगितलेला आहे, तो तिरकी बीम म्हणून काढून त्रिकोणाशी ‘जॉइन’ करता येतो. भिंत छताला जोडलेली आहे पण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, अशा आशयाची सूचना आली, तर त्रिकोणाचे टोक छपराच्या कडेबाहेर गेलेले नाही ना, ते आधी पाहावे.

मागच्या भागासाठी वेगळे छप्पर ठेवू नका. ‘जॉइन रूफ’ एका छपराची कड दुसऱ्याच्या पाख्यापर्यंत वाढवते, पण खालचा पाखा कापत नाही. तो कापायचा तर निराळे ओपनिंग द्यावे लागते. उतार सगळीकडे सारखा आणि वळचणीही एकाच उंचीवर आहेत, तेव्हा टी आकाराची एकच बाह्यरेषा काढा. मुख्य भाग आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत निवडू नका, कारण ती आता आतली भिंत आहे. तिन्ही त्रिकोणी बाजूंवरचे ‘डिफाइन्स स्लोप’ (त्या कडेला उतार देणारी खूण) काढून टाका. दोन छपरांचे पाखे मिळतात तिथल्या दोन्ही खोबणी आपोआप तयार होतात. पडताळा असा : स्वयंपाकघराचे आढे मुख्य आढ्यापासून आडव्या अंतरात बरोबर १.२ मीटरवर पाख्यात मिळायला हवे आणि उंचीने ६९३ मिमी खाली असायला हवे. हे दोन आकडे जुळले की छपराच्या भूमितीबद्दल शंका राहत नाही.

आणखी एक प्रतिसाद :

वरील उत्तराशी मी सहमत आहे. भिंतींच्या जोडाबद्दल थोडे लिहितो.

रेव्हिट भिंतीच्या प्रत्येक थराला त्याच्या कामाप्रमाणे क्रम देते : ‘स्ट्रक्चर’ १, ‘फिनिश १’ हे ४ आणि ‘फिनिश २’ हे ५. वरच्या क्रमाचा, म्हणजे लहान आकड्याचा, थर खालच्या क्रमाच्या थराला भेदून पुढे जातो. त्यामुळे आडभिंतीतील वीट ‘स्ट्रक्चर १’ असेल, तर ती बाहेरच्या भिंतीचा आतला गिलावा कापून थेट चिऱ्याला टेकते. वीट आधी आणि गिलावा नंतर या प्रत्यक्ष क्रमाशीही हे जुळते. तुमच्याकडे जिथे गिलाव्याची रेषा विटेच्या आडून सलग जाते, तिथे विटेच्या थराचे काम बहुधा ‘फिनिश २’ म्हणून नोंदले गेले असेल आणि भिंतीच्या प्रकाराचे नाव मात्र जवळपास तेच असेल. दोन्ही ठिकाणच्या भिंतींची थररचना उघडून शेजारी शेजारी ताडून पाहा. गिलाव्याचे थर दोन्ही प्रकारांत ‘फिनिश २’ असावेत आणि त्यांचे साहित्यही एकच असावे. ‘प्लास्टर’ आणि ‘सिमेंट प्लास्टर’ अशी दोन वेगळी नावे असली, तरी कोपऱ्यात रेषा उमटते.

चिरा आणि वीट यांच्यामधली रेषा घालवायचा प्रयत्न करू नये, कारण ती दोन वेगळी साहित्ये आहेत. ‘लोकेशन लाइन’ (भिंतीची जागा ठरवणारी रेषा) मात्र सर्व बाहेरच्या भिंतींना ‘कोअर फेस एक्स्टेरिअर’, म्हणजे मुख्य थराच्या बाहेरच्या अंगावर, ठेवावी. लाइनआउट (जागेवरची आखणी) चिऱ्याच्या अंगाने होतो, गिलाव्याच्या अंगाने नव्हे. उद्या मालकाने बाहेरून गिलावा करायचे ठरवले तरी चिऱ्याची रेषा जागची हलणार नाही. हे सर्व तपासताना दृश्याची पातळी ‘मीडियम’ किंवा ‘फाइन’ असावी, कारण ‘कोर्स’मध्ये थर दिसतच नाहीत.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. ‘ट्रस’ निवडून १६५ मिमीचा ऑफसेट दिल्यावर छेद अगदी कागदावरच्या आकृतीसारखा आला. आढ्यांतील अंतरही १.२ मीटर भरले. एका आडभिंतीचा विटेचा थर खरोखरच ‘फिनिश २’ होता. तो बदलताच गिलावा वळला. लांब भिंतींची फट मी तशीच ठेवली आहे आणि छेदात तिथे फळी दाखवली आहे.

आता एकच शंका उरली आहे. खोबणीतला पत्रा कसा दाखवावा? सुताराने त्याबद्दल विशेष विचारले आहे.

प्रतिसाद :

सुताराने योग्य जागी बोट ठेवले आहे. दोन ३० अंशी पाख्यांची काटकोनातील खोबण स्वतः ३० अंशांची नसते, तिचा उतार जेमतेम २२ अंश भरतो, आणि दोन्ही पाख्यांचे पाणी तिथेच गोळा होते. कोकणच्या पावसात गळती लागते ती बहुतेक इथूनच. पत्रा ‘मॉडेल इन-प्लेस’मध्ये स्वीप (मार्गावरून आकृती सरकवून केलेला आकार) म्हणून काढा, मार्गासाठी ‘पिक पाथ’ने छपराची खोबणीतली तळकड निवडा आणि आडव्या छेदाची आकृती उथळ व्ही आकाराची ठेवून तिच्या दोन्ही कडा कौलांखाली पुरेशा आत जाऊ द्या. त्यानंतर खोबणीच्या लांबीशी काटकोनात एक छेद घ्या आणि तो मोठ्या प्रमाणात काढून स्वतंत्र आकृती म्हणून सुताराला द्या. घराच्या नेहमीच्या छेदांत खोबण तिरकी कापली जाते, त्यामुळे पत्र्याची खरी रुंदी त्यांवरून मोजता येत नाही.