सल्ला हवा: नावांच्या पाटीवर आडनावं एका रेषेत येत नाहीत (इंकस्केप, बजेट शून्य)

नाइलाजाने_सचिव
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत २४ फ्लॅट आहेत आणि जिन्याखालच्या पाटीवर अजून २००९ सालचे लोक राहतात. नवी पाटी करायची असं सभेत ठरलं आणि "तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना" म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. ॲक्रिलिकची पाटी, तीन फूट बाय दोन फूट. पाटीवाला म्हणतो डिझाइन तुम्ही द्या, मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या. पाटीचे पैसे मंजूर आहेत, डिझाइनचे नाहीत. म्हणजे बजेट शून्य. परत लिहितो, शून्य. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी.

फुकट म्हणून इंकस्केप हे डिझाइनचं सॉफ्टवेअर घेतलं. २४ चौकटी केल्या, प्रत्येकीत फ्लॅट नंबर आणि आडनाव. अडचणी अशा:

१) एका ओळीतली आडनावं निवडून खालच्या कडेला जुळवली की 'कुलकर्णी' आणि 'भुजबळ' वर उडी मारतात. वरच्या कडेला जुळवली तर 'पाटील' आणि 'शिर्के' खाली बसतात. मध्यावर जुळवली तर सगळेच डुगडुगतात. फक्त 'जाधव' कुठेही शांत असतात.
२) बाहेरची चौकट जाड आहे, आतल्या बारीक. कडेला कड लावली तरी फट दिसते किंवा रेघेवर रेघ चढते.
३) वरचं गणपतीचं चित्र लहान करताना गणपती रोड होतो.

कृपया सोप्या भाषेत सांगा.

बे_एरियातला_बंड्या
सरळ ॲडोबीचं इलस्ट्रेटर घ्या. मी गेली सहा वर्षं मॅकवर वापरतोय, असले प्रश्न पडतच नाहीत. तिथे मजकूर मजकूरच ठेवला तर जुळवताना फाँटची पूर्ण उंची धरली जाते, त्यामुळे कुलकर्णी-जाधव एका रेषेत राहतात. 'ग्लिफ बाउंड्स' चालू केलं तरच दिसणाऱ्या अक्षराची कड धरतो. महिन्याचं भाडं फार नाही, इथे दोन कॉफी होतात त्यात.

नाइलाजाने_सचिव
बंड्याभाऊ, बजेट शून्य आहे. तुमच्या दोन कॉफीत आमच्याकडे महिन्याचं दूध येतं.

कोरलवाला
१४ वर्षं फ्लेक्स आणि पाट्या करतोय. कोरल. विषय संपला. ऑब्जेक्ट निवडा, सी दाबा, ई दाबा, मध्याला मध्य जुळतो, पानाच्या मध्यावर हवं तर पी. शिफ्ट धरून एकेक निवडत गेलात तर शेवटी निवडलेला जो असेल त्याला बाकीचे जुळतात, हे ध्यानात ठेवा. निम्मी जनता इथेच चुकते आणि सॉफ्टवेअरला शिव्या देते. आणि युनिकोडचा, म्हणजे मोबाइलवर असतं त्या मराठीचा नाद सोडा, श्रीलिपी या डीटीपीवाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा.

मुळामुठा
कोरल विकत घ्यायला किती लागतात ते पण सांगा की.

कोरलवाला
विकत कोण घेतं 😄

मुळामुठा
हेच. आणि मग आपलं डिझाइन कोणी ढापलं की फेसबुकवर पोस्ट टाकायची.

कोरलवाला
माझं लायसन आहे. मी गंमत केली. प्रत्येक गोष्टीत गांभीर्य आणायचं नसतं.

पिक्सेलपंत
गिंप वापरून बघा, तेही फुकट आहे. एक मात्र आहे. गिंपमध्ये जुळवताना एरवी लेयरचा, म्हणजे चित्राच्या थराचा पूर्ण चौकोन धरला जातो, आत चित्र कुठे आहे ते बघत नाही. लेयरभोवती रिकामी पारदर्शक जागा असेल तर 'मध्यावर' आणलेली गोष्ट डोळ्यांना मध्यावर दिसत नाही. लेयर मेनूत 'क्रॉप टू कंटेंट' आहे, ते आधी करा, मग जुळवा. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

गणपती रोड होण्याबद्दल माझा अनुभव ऐका. पुतण्याच्या मुलाच्या बारशाची पत्रिका मी केली होती. फोटोशॉपमध्ये वर्षानुवर्षं शिफ्ट धरून कोपरा ओढला की प्रमाण कायम राहायचं. सीसी २०१९ आलं आणि यांनी उलटं केलं. नुसतं ओढलं की प्रमाण कायम, शिफ्ट धरलं की ताणलं जातं. माझं बोट सवयीने शिफ्टवर. २०० पत्रिका छापून आल्या आणि बाळ आडवं पसरलेलं. वहिनी अजून बोलतात. पुढे लोकांनी आरडाओरडा केल्यावर प्रेफरन्सेसमध्ये 'लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म'ची खूण आली, पण बाळाला त्याचा काय उपयोग.

भरतीओहोटी
पंत 😂😂 आमच्या पणजीतल्या ऑफिसातला किस्सा. इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट धरून सरळ रेघ मारली तरी तिरकी. नवीन चौकोन काढला तरी तिरका. दोन दिवस आम्ही तिघं त्या मशीनला व्हायरस लागला म्हणून बसलो होतो. शेवटी कळलं, प्रेफरन्सेसच्या जनरलमध्ये 'कॉन्स्ट्रेन अँगल' म्हणून खण आहे, त्यात कोणीतरी भलताच आकडा टाकून ठेवला होता. तिथे शून्य असलं तरच आडवं ते आडवं आणि उभं ते उभं. कोणी टाकलं ते अजून कबूल झालेलं नाही.

शंकासुर
'अलाइनमेंट'ला 'संरेखन' हा चांगला शब्द असताना पूर्ण धाग्यात कोणीही तो वापरलेला नाही. दुसरं, पाटीवर फक्त आडनावं का? एकाच सोसायटीत तीन पाटील असतील तर पोस्टमनने काय करायचं?

मुळामुठा
आणि बायकांची नावं? फ्लॅट दोघांच्या नावावर, हप्ता दोघांच्या पगारातून आणि पाटीवर एकच आडनाव. माझं आडनाव वेगळं आहे, मला पार्सलवाल्याला दर वेळी समजावून सांगावं लागतं.

नाइलाजाने_सचिव
आडनावं सभेत ठरली आहेत. यावर दीड तास चर्चा झाली होती, मी पुन्हा उकरून काढणार नाही. आणि हो, तीन पाटील आहेत.

पाटीपेन्सिल
माझे वडील पाट्या रंगवायचे. एसटीच्या, दुकानांच्या, बऱ्याच शाळांच्या. ते आधी खडू लावलेलं सूत फळ्यावर ताणून आपटायचे. जी रेघ उमटायची ती शिरोरेघ. मग अक्षरं त्या रेघेला टांगायची. उकार खाली किती लोंबतो आणि वेलांटी वर किती जाते याच्याशी रेघेला देणंघेणं नाही. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं असतं, आपलं वरच्या रेघेला लटकलेलं असतं. तुमचं सॉफ्टवेअर 'भुजबळ'चा उकार म्हणजे नावाचा तळ समजतंय, आणि 'शिर्के'चा रफार आणि मात्रा म्हणजे नावाचा माथा. म्हणून उड्या.

इंकस्केप मी वापरलेलं नाही, पण वरच्या पट्टीवरून गाइड (मदतीची रेघ) ओढता येत असेल तर प्रत्येक ओळीसाठी एक ओढा आणि शिरोरेघ तिला लावा. जुळवायच्या बटणांना हातच लावू नका.

आळशी_मांजर
ग्रिड ऑन करा. स्नॅप ऑन करा. काम झालं.

सातारी_कंदी
कॅनव्हा वापरा ना, मोबाइलवर होतं. मी भाचीच्या साखरपुड्याचं केलं, सगळ्यांनी विचारलं कुठून करून घेतलं.

रेघोट्या
सचिव, तिन्ही अडचणी इंकस्केपमध्येच सुटतात, दुसरं काही घेऊ नका.

पहिली. तुम्ही बहुतेक पाटीवाल्याचं ऐकून मजकुराचे आधीच पाथ (म्हणजेच कर्व्ह) केलेत. तसं केलं की ते नाव उरत नाही, नुसता आकार होतो. कर्व्ह सगळ्यात शेवटी करायचे, आणि मूळ मजकुराची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवायची. कोणाचं तरी शुद्धलेखन चुकणारच. सगळी आडनावं एकाच फाँटमध्ये, एकाच आकारात ठेवा. ओळीतली चार निवडा, अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट उघडा (कंट्रोल शिफ्ट ए). नेहमीची कडा जुळवणारी बटणं मजकुरालाही दिसणाऱ्या अक्षराच्या कडेनेच धरतात, त्यामुळे ती नकोत. त्याच पॅनेलमध्ये मजकुराचे बेसलाइन अँकर जुळवणारी बटणं आहेत, ती वापरा. बेसलाइन म्हणजे अक्षरांच्या तळाची न दिसणारी रेघ, उकार तिच्या खाली लोंबतो. फाँट आणि आकार एक असेल तर बेसलाइन जुळली की शिरोरेघ आपोआप जुळते. पाटीपेन्सिल म्हणतात ते सूत हेच, फक्त खालून मोजलेलं. पाथ केलेल्या अक्षरांवर ही बटणं चालत नाहीत, म्हणून मजकूर पुन्हा टाइप करावा लागेल.

दुसरी. इंकस्केप मुळात रेघेच्या जाडीसकट कड मोजतं. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सवर क्लिक करा, तिथे बाउंडिंग बॉक्स (आकार मोजायची चौकट) 'व्हिज्युअल' आहे तो 'जॉमेट्रिक' करा. मग जाडी सोडून मूळ चौकोन मोजला जाईल आणि २ मिलिमीटरची चौकट आणि अर्ध्या मिलिमीटरची चौकट नीट शेजारी बसतील. अक्षरांच्या उड्या मात्र याने थांबत नाहीत, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही तिथेच अडकून बसाल.

तिसरी. कंट्रोल धरून कोपरा ओढा. किंवा वर रुंदी आणि उंचीच्या खणांमध्ये कुलूप आहे ते लावा आणि आकडा टाइप करा. आकडा टाकणं जास्त बरं.

आणि पॅनेलमध्ये 'रिलेटिव्ह टू' काय निवडलंय ते दर वेळी बघा. तिथे 'पेज' राहिलं असेल तर चारही नावं पानाच्या मध्यावर एकावर एक जाऊन बसतील.

आळशी_मांजर
मी हेच म्हणत होतो.

पिक्सेलपंत
रेघोट्यांना अनुमोदन. कुलपाचं मी वर सांगितलंच होतं.

रेघोट्या
तुम्ही बाळाचं सांगितलं होतं.

बे_एरियातला_बंड्या
अफिनिटीपण आता फुकट झालंय, २०२५ च्या ऑक्टोबरपासून, कॅनव्हाने विकत घेतल्यावर. प्रोफेशनल चीज आहे.

मुळामुठा
४ जीबी रॅमवर ते उघडेपर्यंत सोसायटीचा पुनर्विकास होईल.

शंकासुर
'चीज' हा मूळचा फारसी शब्द आहे.

नाइलाजाने_सचिव
रेघोट्या, तुमच्या बेसलाइनने चमत्कार झाला, पहिली ओळ चक्क सरळ आली. गणपतीही पूर्ववत. पण मजकूर पुन्हा टाइप करताना चार आडनावांचा आकार चुकून वेगळा झाला, मग मी एक ओळ डिलीट करायला गेलो तर चौकटी पण गेल्या, कारण त्या गटात होत्या. अनडू करत करत मंगळवारपर्यंत मागे गेलो. सध्या थांबलोय.

कोरलवाला
यासाठीच म्हणतो, कोरल.

नाइलाजाने_सचिव
(दहा दिवसांनी)
मंडळी, सर्वांचे आभार. रागावू नका, पण शेवटी मी इंकस्केप बंद केलं आणि लिबरऑफिस रायटरमध्ये तक्ता केला. चार रकाने, सहा ओळी. ओळीची उंची ठरावीक केली, फाँट एकच, रकान्यात मजकूर मध्यावर. कुलकर्णी, भुजबळ, शिर्के, तिन्ही पाटील, सगळे गुपचूप एका रेषेत. रेघांची जाडी तक्त्याच्या बॉर्डरमधून दिली. पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटं चिटणीस बाईंशी फोनवर, त्यांच्या नावामागे 'ॲड.' हवं होतं.

पीडीएफ पाटीवाल्याला पाठवली. तो म्हणाला अक्षरं फुटली. 'शिर्के'चा रफार भलतीकडे, 'पाटील'ची वेलांटी सुटून बाजूला. त्याला वाटलं माझंच डिझाइन तसं आहे, आणि तशीच कापायला घेत होता. नशीब, फोटो पाठवला.

रेघोट्या
रायटर?? बरं. सरळ आलं ना, मग ठीक आहे. पण तीच पीडीएफ इंकस्केपमध्ये उघडून मजकुराचे पाथ करता आले असते.

कोरलवाला
तो कोरलमध्ये पीडीएफ इंपोर्ट करताना मजकूर 'टेक्स्ट' म्हणून घेत असणार. डब्यात 'टेक्स्ट' आणि 'कर्व्ह्ज' असे दोन पर्याय येतात. कर्व्ह्ज निवडायला सांगा, एक अक्षर हलणार नाही. युनिकोड पीडीएफ टेक्स्ट म्हणून उघडली की जोडाक्षरांचा चिवडा ठरलेला. आमच्याकडे रोज दोन गिऱ्हाइकं येतात अशी.

नाइलाजाने_सचिव
कोरलवाले, जमलं! पाटीवाल्याला तुमचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं. तो म्हणाला, "हे मला माहीत होतं."

पाटीपेन्सिल
फोटो टाका पाटी लागल्यावर.

सातारी_कंदी
कॅनव्हात झालं असतं.

तळेगावचा_तात्या
धागा आत्ता वाचला. सचिव, ती रायटरची फाइल मिळेल का? आमचे ३६ फ्लॅट आहेत आणि आमच्यात पाच पाटील आहेत.